प्रकल्प नोंदी: राजारामपुरीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, कर्ज आणि दुरुस्ती

१८ ऑगस्ट २०२४

मिळकत: राजारामपुरी, १९९६ चं बांधकाम, तीन मजली, नऊ फ्लॅट. आपला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिम बाजूला. दोन बेडरूम, कार्पेट ६२० चौरस फूट. मागणी ३३ लाख. हेतू भाड्याने देण्याचा.

कोल्हापुरात जुना फ्लॅट पाहायचा तर पावसाळ्यातच. मार्चमध्ये ताजा रंग मारलेली भिंत काहीच सांगत नाही, ऑगस्टमध्ये ती सगळं सांगून टाकते. आज दिसलं ते असं: पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांखाली पोपडे आणि पांढरा खार, हॉलच्या छतावर कठड्यालगत पिवळे डाग, मागच्या बाथरूमच्या छज्जाखाली गिलावा फुगलेला. मोझॅक फरशी शाबूत आहे, कुठे बसलेली नाही.

ओल कुठून येते हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीचा अंदाज काढण्यात अर्थ नाही. दोन चाचण्या लावून ठेवल्या. भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद, चारही कडा चिकटपट्टीने बंद. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या अंगाला पाणी असेल तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या अंगाला असेल तर हवेतली आहे, खेळती हवा दिली की भागतं. दुसरी चाचणी बाथरूमची: नानी ट्रॅपला (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याला) कापडी बोळा, दोन इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलीची खूण, आणि खालच्या फ्लॅटधारकाची परवानगी घेऊन त्यांच्या छतावर नजर.

पुराचं आधी पाहिलं. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा या भागांत २०१९ आणि २०२१ ला पाणी शिरलं होतं. तिथे भाव कमी दिसतो, पण बँकेचा मूल्यांकनकार आणि भाडेकरू दोघेही तोच प्रश्न विचारतात. राजारामपुरी उंचावर आहे. तरी निळ्या आणि लाल पूररेषेचा (नेहमीच्या आणि मोठ्या पुराचं पाणी कुठवर येतं त्याचा) नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात बघून घ्यावा, कुणाच्या आठवणीवर विसंबू नये.

२५ ऑगस्ट २०२४

चाचण्यांचा निकाल: खिडक्यांखाली कागदाच्या आत पाणी. मागच्या बाथरूममध्ये खुणेपासून पाणी अर्धा इंच उतरलं आणि खालच्या छतावर ओलसर वर्तुळ आलं. पुढचं बाथरूम टिकलं, पण पाइप जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) आहेत आणि नळातून पहिलं पाणी लालसर येतं. तेही उघडायचं.

आता हिशेब. ३१ लाखांपर्यंत सौदा होईल असं धरलं. आहे त्या अवस्थेत भाडं ९,५०० च्या पुढे जाणार नाही. वर्षातला एक महिना रिकामा धरायचाच, म्हणजे १,०४,५००. किमतीवर उत्पन्न ३.४ टक्के. गृहकर्ज ८.७५ टक्क्यांच्या आसपास मिळतंय. म्हणजे खरेदीसाठी घेतलेला प्रत्येक उसना रुपया दरमहा तोटाच करतो. तो तोटा जागेचा भाव वाढून भरून निघेल अशी आशा असते, पण आशेवर हप्ता भरता येत नाही.

दुरुस्तीचा हिशेब उलटा आहे. कच्चा अंदाज:

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आपला वाटा १४,७००; दोन बाथरूम १,३०,०००; वायरिंग ७०,०००; रंग ४५,०००; ओटा ३५,०००; पश्चिमेच्या भिंतीच्या भेगा १८,०००; दोन अॅल्युमिनियम खिडक्या १४,४००; मोझॅक पॉलिश १४,०००; बाथरूमचे दोन एफआरपी (फायबर-प्लॅस्टिकचे) दरवाजे १३,०००. एकूण ३,५४,१००.

यातून भाडं साडेबारा ते तेरा हजारांवर जावं. तेरा धरले तर महिन्याला ३,५०० जास्त, अकरा महिन्यांचे ३८,५००, म्हणजे दुरुस्तीवर १० टक्क्यांहून जास्त. कर्जाच्या दराला मागे टाकणारं या सगळ्या व्यवहारात एवढं एकच कलम आहे. म्हणून दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि मग कर्ज किती ते ठरवायचं. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो: सगळी शिल्लक खरेदीत जाते आणि बाथरूम फोडायला वैयक्तिक कर्ज काढावं लागतं, तेही गृहकर्जापेक्षा कितीतरी चढ्या दराने. किंवा बाथरूम तसंच राहतं आणि फ्लॅट नऊ हजारात जातो.

स्वतःची रक्कम: किमतीतले १५,००,०००, मुद्रांक ६ टक्क्यांनी १,८६,०००, नोंदणी फी ३०,००० (१ टक्का, पण कमाल एवढीच), वकील, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क आणि गहाणखत मिळून ३५,०००, दुरुस्ती ३,५४,०००, आणि दुरुस्तीच्या २० टक्के राखीव ७१,०००. बेरीज २१,७६,०००. कर्ज १६,००,०००.

मुद्रांक आणि नोंदणी कर्जातून भागेल असं गृहीत धरू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १० लाखांवरच्या घराच्या किमतीत हे खर्च धरले जात नाहीत. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, इथे ३१,००० वाचतील. पतीचं नाव सहखरेदीदार म्हणून घातलं की सवलत गेली. कर्जात सहअर्जदार राहायला मात्र अडचण नाही. कोणाच्या नावावर घ्यायचं हे सवलतीपेक्षा कर्जाच्या पात्रतेवर आणि प्राप्तिकरावर ठरवावं.

३ सप्टेंबर २०२४

कागदपत्रं. ही इमारत सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची आहे. त्यामुळे शेअर सर्टिफिकेट मागून उपयोग नाही. मागायचं ते असं: नोंदणीकृत घोषणापत्र (इमारत, फ्लॅट आणि सामाईक जागांची नोंद असलेला दस्त) आणि त्यातला फ्लॅटचा अविभक्त हिस्सा, डीड ऑफ अपार्टमेंट, आधीच्या प्रत्येक खरेदीपत्राची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरफाळ्याची आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासून वकिलाने दिलेला अहवाल).

घोषणापत्रातलं क्षेत्र, मंजूर नकाशातलं क्षेत्र आणि टेपने मोजलेलं क्षेत्र तिन्ही ताडून पाहावीत. मागची बाल्कनी खोलीत घेतलेली असेल तर मूल्यांकनकार ते क्षेत्र वजा करतो. मिळकत पत्रिकेवर जुन्या बँकेचा बोजा दिसतो आणि विक्रेता म्हणतो की कर्ज केव्हाच फिटलंय: हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन बोजा कमी करून घेणं विक्रेत्याचं काम, आणि ते दस्ताच्या आधी.

२० सप्टेंबर २०२४

सौदा ३१ लाखांना ठरला. विसार पावतीत तीन अटी घातल्या: कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीहक्कात दोष निघाला तर विसार पूर्ण परत, दस्ताच्या दिवसापर्यंतची वीज, पाणी, घरफाळा आणि देखभालीची बाकी विक्रेत्याची, गच्चीच्या कामाला अपार्टमेंटने आधीच वर्गणी ठरवली असेल तर तीही त्यांची.

बँकेचं मूल्यांकन २८ लाख आलं, सौद्यापेक्षा तीन लाखांनी कमी. बँक सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यातला लहान आकडा धरते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला नियमाने ९० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण इमारतीचं वय पाहून बँक ८० टक्क्यांवर थांबली: २२,४०,०००. आपल्याला सोळाच हवेत, म्हणून अडलं नाही. जो नव्वद टक्के मिळतील असं धरून विसार देतो, त्याची कोंडी नेमकी इथे होते.

हप्त्याचा पडताळा, ८.७५ टक्के, २० वर्षं: लाखाला ८८४ रुपये. सोळा लाखांना १४,१३९, पूर्ण २२.४ लाख घेतले तर १९,७९५. भाडं १२,५०० धरून अकरा महिन्यांचे १,३७,५००. त्यातून घरफाळा ५,५००, अपार्टमेंटची देखभाल १२,०००, किरकोळ दुरुस्ती १०,००० वजा. हातात १,१०,०००, महिना ९,१६७. सोळा लाखांवर दरमहा खिशातून सुमारे ५,०००, पूर्ण कर्जावर १०,६००. पाच हजार एका पगारातून झेपतात. दहा हजार दर महिन्याला घालणं वीस वर्षं निभत नाही.

प्राप्तिकर: भाड्यातून भरलेला घरफाळा वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट, मग व्याज. जुन्या करप्रणालीत यातून आलेला तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वळता करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वळता होत नाही. "व्याजावर कर वाचतो" हे वाक्य ऐकून सौदा करण्याआधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहावं.

१४ ऑक्टोबर २०२४

दस्त नोंदला. सूची क्रमांक दोन हातात आली की अर्ज लगेच टाकायचे: घरफाळ्याच्या नोंदीत नाव, पाणी कनेक्शन, महावितरणचं वीजबिल, मिळकत पत्रिका. वीजबिल जुन्या नावावर राहिलं तर पुढे मंजूर भार वाढवताना अडतं. गीझर आणि एसी धरून भार ५ किलोवॉटचा मागितला.

बँकेकडे मूळ कागद जमा केल्याची यादी सही-शिक्क्यानिशी घेतली. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण काय जमा केलं होतं याची यादीच नसेल तर मागणार काय?

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर गवंडी परतले, तोडफोड सुरू. आधी काम लावण्यात अर्थ नव्हता: ऑक्टोबरपर्यंत भिंती ओल्या असतात आणि दिवाळीत माणसं गावी जातात.

गच्ची सामाईक आहे. वरच्या मजल्यावरच्याने स्वतःच्या डोक्यावरचा तेवढा तुकडा स्वतःच्या खर्चाने करून घेणं चुकीचं, कारण पाणी कोब्याच्या (स्लॅबवरच्या उताराच्या थराच्या) खालून वाहत येतं आणि गळतं भलतीकडेच. पूर्ण २,४०० चौरस फुटांचा ठराव अपार्टमेंटच्या बैठकीत मांडला: ५५ रुपये दराने १,३२,०००, नऊ वाटे, प्रत्येकी १४,६६७. खालच्या मजल्यांचा आक्षेप ठरलेलाच असतो. त्याला उत्तर घोषणापत्रात आहे, गच्ची सामाईक क्षेत्रात नोंदलेली आहे. ठराव लेखी झाला.

१८ नोव्हेंबर २०२४

मागच्या बाथरूमचा छज्जा हातोडीने वाजवला, तीन फूट लांबीत पोकळ आवाज. उघडल्यावर सळया गंजलेल्या. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं आणि काँक्रीट खाली ढकलतं. त्यावर नुसता गिलावा केला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा सुटतो.

पद्धत: सळीच्या मागे २० मिलिमीटर मोकळं होईपर्यंत फोडायचं. तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासायचं. जाडी पाव भागाने घटली असेल तर शेजारी नवी सळी बांधायची. गंजरोधक लेप, मग बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका थरात १० ते १५ मिलिमीटर. जाड थर एकदम मारला की स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. सात दिवस ओलं गोणपाट. खर्च २२,०००, राखीव रकमेतून.

२ डिसेंबर २०२४

बाथरूम. सगळ्या कामात इथे घाई चालत नाही. आकार ७ बाय ४ फूट.

जुन्या खोलगट स्लॅबमधली विटांची भरणी काढली तर ती चिंब. वर्षानुवर्षं फरशीच्या सांध्यातून पाणी आत जाऊन साठलेलं. वरून एपॉक्सी भरून अशी गळती थांबत नाही, साठलेलं पाणी खाली झिरपतच राहतं.

क्रम असा ठेवला आणि तो मोडू दिला नाही:

आधी प्लंबिंग पूर्ण. गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप), मुख्य ओळ पाऊण इंच, नळांना अर्धा. सीपीव्हीसीचं आणि साध्या पीव्हीसीचं सोल्व्हंट वेगळं असतं. एकच डबा दोन्हीला वापरला की गरम पाण्याचा सांधा काही महिन्यांत सुटतो. हातपंपाने दाब देऊन ओळ रात्रभर ठेवली, काटा हलला नाही.

स्लॅबमधल्या पाइपांभोवतीची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. साध्या सिमेंटने भरलं की वाळताना पाइपाभोवती केसाएवढी फट राहते, आणि बाथरूमच्या गळतीचं मूळ बहुतेक वेळा तीच फट असते. भिंत आणि जमीन मिळते तिथे दोन इंचांचा वाटा, म्हणजे मसाल्याची गोलसर कड.

मग दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांवर फायबरची जाळी पहिल्या हातातच दाबून. जमिनीवर पूर्ण, भिंतींवर एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट. एकूण ८५ चौरस फूट, १५ किलोचा एक संच पुरला.

पाणी भरून ७२ तास. उतरलं नाही, खालचं छत कोरडं. मगच १:४ सिमेंट-वाळूचा संरक्षक थर, भरणी, ट्रॅपकडे ८० ला १ उतार, फरशी. कोटिंग झाल्यावर प्लंबरला झिरी मारू द्यायची नाही, ड्रिलही लावू द्यायचं नाही. काम बिघडतं ते इथेच: गवंडी जातो, प्लंबर एक पाइप सरकवतो, आणि गळती लागली की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

नानी ट्रॅप ५० मिलिमीटर पाण्याची सील असलेलाच घ्यावा. उथळ ट्रॅप सुटीत आटतो आणि घरात वास येतो. भाडेकरूची पहिली तक्रार बहुधा याचीच असते.

टाकी गच्चीवर, आपला फ्लॅट लगेच खाली. दहा फूट उंचीला दाब जेमतेम ०.३ बार. शॉवरला धार हवी तर प्रेशर पंपापेक्षा टाकीपासून एक इंचाची स्वतंत्र ओळ बरी: बिघडायला त्यात काही नाही आणि विजेचा खर्च नाही.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नये, भाडेकरूने मागितला तरी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. दोन्हीकडे १५ लिटरचे विजेचे गीझर बसवले.

१६ डिसेंबर २०२४

वायरिंग पूर्ण नवीन. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, स्वयंपाकघर आणि पॉवर पॉइंटना २.५, एसीला ४. ९० मीटरची गुंडाळी धरून अनुक्रमे पाच, तीन आणि एक. प्रत्येक गीझरला स्वतंत्र ओळ आणि २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण), दिव्यांना १० चे चार, स्वयंपाकघराला १६ चे दोन. सगळ्यांच्या आधी ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून वायरमन तो काढून थेट जोडतात. पडण्याचं कारण बहुधा एकाच ओळीचा न्यूट्रल दुसरीत मिसळलेला असणं किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा न ठेवणं. दोष शोधायचा, आरसीसीबी काढायचा नाही. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजलं, दोनच्या आत आलं.

६ जानेवारी २०२५

गच्ची. कोबा वाजवून पाहिला, पोकळ तुकडे कापून पुन्हा भरले. भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टर. कठड्याला लागून वाटा, आणि कोटिंग कठड्यावर एक फूट वर चढवलं. हॉलच्या छतावरचा डाग कठड्यालगतच्या सांध्याचा होता, गच्चीच्या मधोमध भेग नव्हतीच. पावसाळी पाइपांची तोंडं दोन होती, एक बुजलेलं. ते उघडलं, जाळ्या बसवल्या. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झुला लावून भेगा भरल्या, खिडक्यांच्या तळाला बाहेर उतार आणि टिपकी (पाणी खाली टपकावं म्हणून कडेला खालून खाच) दिली. टिपकी नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून भिंतीकडे परत येतं.

२७ जानेवारी २०२५

मोझॅकला पॉलिश. व्हिट्रिफाइड टाकली असती तर ६०० बाय ६०० च्या सुमारे ४३ पेट्या, चिकटवायचा मसाला, मजुरी, शिवाय सगळे दरवाजे खालून कापणं. एवढं करून भाडं एका रुपयानेही वाढलं नसतं. चांगली मोझॅक उखडू नये.

ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, उंची ३३ इंच. रंगाआधी पुन्हा प्लॅस्टिकच्या कागदाची चाचणी, कोरडी. खार ब्रशने कोरडाच झाडला. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत जातो. पुट्टी दोन हात, प्रायमर, इमल्शन दोन हात.

एकूण खर्च ३,७६,०००.

२० फेब्रुवारी २०२५

लीव्ह अँड लायसन्स, २४ महिने, १ मार्चपासून १३,०००, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ, अनामत ५०,०००. ऑनलाइन नोंदणी, मुद्रांक सुमारे ८२५, नोंदणी फी १,०००.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. करारासोबत मीटरचं रीडिंग, नळ-दिव्यांची यादी आणि प्रत्येक खोलीचे फोटो.

१२ जुलै २०२५

पश्चिमेची भिंत कोरडी, हॉलचं छत कोरडं. मागच्या बेडरूमच्या खिडकीला एका कोपऱ्यात सीलंट सुटलेलं, भरून घेतलं.

इमारतीला पुढच्या वर्षी ३० वर्षं होतात. त्यानंतर महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागेल. फ्लॅट विकायचा झाला तर पुढची बँक तो अहवाल आधी मागेल. अपार्टमेंटच्या बैठकीत आतापासून महिना २०० रुपये वेगळी वर्गणी सुचवली.

४ सप्टेंबर २०२५

रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर) फेब्रुवारी, एप्रिल आणि जून मिळून १ टक्क्याने उतरला, ६.५० वरून ५.५०. आपलं कर्ज रेपोशी जोडलेलं, तीन महिन्यांनी दर बदलतो. आता ७.७५. हप्ता कमी केला तर १४,१३९ चा सुमारे १३,१०० होतो. तोच ठेवला तर मुदत सुमारे तीन वर्षांनी घटते.

भाड्याची तूट पाच हजारांच्या आत बसते आहे, म्हणून हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करण्याचं पत्र बँकेत दिलं, पोच घेतली. राखीव रकमेतले ४९,००० उरले आहेत. बदलत्या दराच्या कर्जात मुदतीआधी भरण्याला दंड नाही, तरी ते कर्जात न भरता मुदत ठेवीत ठेवले: भाडेकरू बदलताना रंग आणि महिनाभराचा हप्ता त्यातून जाईल.